शिंक : नाकाची पहारेकरीण

मुलांनो, शुभकार्यास निघताना कोणी शिंकले, तर काही लोक तो अपशकुन मानतात. वास्तविक शिंक ही शरीराचे रक्षण करणारी प्रतिक्षिप्त क्रिया होय. नाकाच्या नाजूक अस्तरास धूळ किंवा मिरपूड झोंबताच मज्जातंतू ती वार्ता मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेस पोहोचवितात. तिची आज्ञा सुटते. छातीत श्वास भरतो, डोळे मिटतात, छातीपोटाचे स्नायू आकुंचन पावतात आणि हवा वेगाने बाहेर पडते. हे सारे आपल्या इच्छेवाचून घडते. विचारात वेळ दवडला, तर धूळ आत शिरेल!

नाक दाबून शिंक कोंडल्यास कानास इजा होऊ शकते. म्हणून ती येऊ द्यावी. परंतु तिच्याबरोबर रोगजंतूही उडतात. यास्तव तोंडापुढे रुमाल धरावा. शिंक येणे आपल्या हाती नसते. रुमाल धरणे मात्र आपल्याच हाती असते.