घाट चढणारी आगगाडी

आमच्या अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे आहेत. एकास बाजारावरून ओळखतात, दुसऱ्यास रेल्वेवरून. ज्या गावाच्या नावातच रेल्वे आहे तेथील मुलांस आगगाडीविषयी नवे ते काय सांगावयाचे, असे कोणी म्हणेल. परंतु आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणास फलाटावर उभे करून, ‘एवढी जड गाडी डोंगर कशी चढते?’ असे विचारले, तर तो क्षणभर विचारात पडेल, असा आमचा अदमास आहे. त्यात त्याचा दोष नाही. वऱ्हाडच्या काळ्या मातीतून जाणाऱ्या या मार्गावर आमच्या बाजूस घाट म्हणावा असा चढच नाही. तथापि हाच लोहमार्ग मुंबईकडे जाता जाता सह्याद्रीच्या कड्यावर येऊन पोहोचतो, आणि तेथे त्यास आपली परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा आपल्या देशात आणि युरोपातील आल्प्स पर्वतात कोणकोणत्या रीतींनी दिली गेली, हे येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम अडचण कोणती ते समजून घेऊ. रूळ पोलादाचा आणि चाकही पोलादाचे. दोन्ही गुळगुळीत असल्यामुळे गाडीस अडथळा थोडा होतो, आणि म्हणूनच सपाटीवर एकच एंजिन लांबलचक मालगाडी ओढून नेते. परंतु जो गुळगुळीतपणा सपाटीवर मित्र, तोच चढावर शत्रू होतो. पावसाळ्यात ओल्या फरशीवर धावू पाहणाऱ्या मुलाचे पाय जसे निसटतात, तसे चढावर चाक रुळावरून निसटते आणि जागच्या जागी गरगर फिरू लागते. एंजिनात बळ नसते असे नव्हे. त्या बळास पकड मिळत नाही. म्हणून चाकापुढे रुळावर थोडी वाळू सोडण्याची सोय एंजिनात केलेली असते. पण वाळूचा उपाय काही अंशापर्यंतच चालतो.

चढ मोजण्याची रीतही ध्यानात ठेवावी. ‘३७ स १’ असा चढ म्हटला, म्हणजे ३७ हात पुढे गेल्यावर गाडी १ हात वर येते. आपणांस चालताना हा चढ जाणवणारही नाही. आगगाडीस मात्र तो जिवावरचा वाटतो. आणि आपल्या मुंबईच्या वाटेवरील कसाऱ्याच्या घाटात हाच चढ आहे. त्यास थळघाट असेही म्हणतात. १ जानेवारी १८६५ रोजी तेथील लोहमार्ग इगतपुरीपर्यंत खुला झाला, आणि १८६७ साली गाडी नागपुरास पोहोचली. म्हणजे हा घाट जिंकल्याविना आमच्या चांदुरास मुंबईची गाडी आलीच नसती. कसारा ते इगतपुरी या सुमारे १४ किलोमीटरांत मार्ग सुमारे ३०० मीटर वर चढतो. मुंबईहून परत येताना कसाऱ्यास गाडी थांबते, तेव्हा पुष्कळदा तिच्या पाठीमागे जादा एंजिने जोडतात. पुढचे एंजिन ओढते आणि मागची ढकलतात.

डोंगर चढण्याच्या मुख्य रीती तीन. त्यांतील पहिली म्हणजे वाट लांबविणे. सरळ वर जाता येत नसेल तर डोंगरास वळसे घालीत जावे, म्हणजे तीच उंची लांब वाटेवर विभागली जाते. डोंगरावर चढणारी आमची गुरेदेखील ही विद्या जाणतात. ती कधी नाकासमोर चढत नाहीत.

या रीतीचा मोठा नमुना म्हणजे कर्जत आणि खंडाळा यांच्यामधील बोरघाट. १८६३ साली तो पुरा झाला. सुमारे २५ किलोमीटरांत ५५० मीटरांहून अधिक चढ आणि वाटेत २५ बोगदे, असे ते काम होते. एके ठिकाणी तर वळावयास जागाच मिळेना. तेथे अशी युक्ती केली की, गाडीने कड्याच्या टोकावरील सपाट जागेत येऊन थांबावे, एंजिन काढून दुसऱ्या टोकास जोडावे, आणि मग उलट्या दिशेने पुढचा चढ चढावा. ही उलटापालट १९२९ साली नवा मार्ग व नवे बोगदे झाल्यावर बंद झाली.

परंतु या घाटाची खरी किंमत बोगद्यांच्या संख्येवरून कळावयाची नाही. १८६१ साली तेथे एका वेळी सुमारे ४२,००० मजूर राबत होते. कित्येक ठिकाणी माणसांस कड्यावरून दोरांनी खाली सोडीत, आणि ती अधांतरी लोंबकळत खडकास सुरुंगाची भोके पाडीत. पटकी, ताप आणि अपघात यांनी हजारो मजूर मृत्युमुखी पडले. त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. कामाचा मक्ता घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल हे गृहस्थ १८५९ साली विलायतेहून आले आणि थोड्याच दिवसांत वारले; तेव्हा त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी तो मक्ता पुढे चालवून तडीस नेला. ज्यांच्या देखरेखीखाली हे सारे झाले ते मुख्य एंजिनियर जेम्स बर्कले १८६२ साली निवर्तले. घाटातून जाणारी पहिली गाडी पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

या दोन्ही घाटांचा आणि आल्प्स पर्वताचा एक जुना ऋणानुबंध आहे. १९३० च्या सुमारास येथे विजेच्या गाड्या सुरू झाल्या. त्यांच्या मालगाड्या ओढण्याकरिता जी एंजिने आणली, त्यांचा घाट स्वित्झर्लंडमधील एंजिनांसारखा होता, आणि त्यांपैकी पहिली काही तेथल्याच विंटरथूर गावी तयार झाली होती. त्यांचे अंग तीन भागांचे असून वळणावर ते सांध्यांत वाकत असे, आणि बाजूचे दांडे चाकांबरोबर वरखाली हलत असत. स्वित्झर्लंडात अशा एंजिनास लोक ‘मगर’ म्हणत. आमच्या घाटातील माणसांनी त्याचे नाव ‘खेकडा’ ठेविले. ज्याने त्याने आपापल्या पाण्यातला प्राणी आठविला! ही एंजिने आता सेवेत नाहीत. त्यांतील काही मात्र जतन करून ठेविली आहेत.

वाट लांबविण्याची कला अगदी लहान प्रमाणावर पाहावयाची असेल तर नेरळहून माथेरानला जावे. मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या खटपटीने हा मार्ग १९०४ ते १९०७ या काळात बांधला गेला. रुळांमधील अंतर अवघे २ फूट, लांबी सुमारे २० किलोमीटर, आणि चढ काही ठिकाणी २० स १ एवढा. वळणे इतकी अरुंद की साधे एंजिन त्यांत अडकून पडेल. म्हणून मूळच्या वाफेच्या एंजिनांचे आस वळणावर किंचित सरकावे, अशी योजना केली होती. ही गाडी आजही चालते. २००५ आणि २०१९ सालच्या अतिवृष्टीने तिची वाट वाहून गेली. ती पुन्हा बांधून अनुक्रमे २००७ आणि २०२२ साली गाडी सुरू झाली.

आता दुसरी रीत पाहू. ती म्हणजे चाकास दात देणे. दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवावी, एंजिनाखाली दातेरी चाक लावावे, म्हणजे दातात दात अडकून गाडी शिडी चढावी तशी चढते. निक्लाउस रिगेनबाख यांनी या रीतीने १८७१ साली स्वित्झर्लंडात रिगी पर्वतावर गाडी नेली. युरोपातील अशा प्रकारची ती पहिली पर्वतगाडी होय. आपल्या देशात निलगिरीवर १८९९ साली मेट्टुपालयमहून कुन्नूरपर्यंत अशीच दातांची गाडी सुरू झाली. परंतु सर्वांवर कडी केली ती पिलाटस पर्वताने. तेथील चढ १०० स ४८, म्हणजे जवळजवळ २ स १ आहे. एवढ्या चढावर उभे दातेरी चाक पट्टीवरून उसळून निघण्याचे भय असते. म्हणून एडुआर्ड लोखर यांनी दाते पट्टीच्या दोन्ही अंगांस काढिले आणि दोन आडवी चाके दोन्हीकडून चिमट्यासारखी धरविली. १८८९ साली सुरू झालेली ही गाडी अद्यापि चालू आहे.

याच दातेरी पट्टीच्या बळावर युंगफ्राउची गाडी खडकाच्या पोटातून ३,४५४ मीटर उंचीवर जाते. आपल्या महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे, यावरून त्या उंचीची कल्पना करावी. हे काम १८९६ साली आरंभिले आणि १९१२ साली पुरे झाले. ज्यांच्या मनात ही कल्पना आली ते आडोल्फ गायर-झेलर १८९९ सालीच वारले होते. बर्कले यांच्यासारखेच तेही आपले काम पुरे झालेले पाहू शकले नाहीत.

तिसरी रीत दोराची. शेतकऱ्याच्या मुलास ती समजावून सांगावयास नको. विहिरीवर मोट चालत असताना बैल उतरत्या धावेवरून खाली चालतात आणि भरलेली मोट वर येते. उतरणाऱ्या बैलांचे वजन चढणाऱ्या पाण्याच्या कामी येते. याच तत्त्वावर एका दोरास दोन डबे बांधितात. एक उतरतो, दुसरा चढतो, आणि दोघे एकमेकांस तोलून धरितात. स्वित्झर्लंडातील फ्रीबोर्ग गावी १८९९ पासून अशी एक गाडी आहे. तिला वाफ लागत नाही, वीजही लागत नाही. वरच्या डब्याच्या टाकीत गावातील सांडपाणी भरतात. तो जड होऊन खाली येतो आणि खालच्यास वर ओढतो. तळास येताच पाणी सोडून देतात. ज्या पाण्यास आपण नाक मुरडतो, त्याच्याकडून त्या गावाने शंभर वर्षांहून अधिक काळ हमाली करून घेतली आहे!

श्टोस येथे २०१७ साली सुरू झालेली दोरगाडी तर १०० हात पुढे जाताना ११० हात वर चढते. तिचे डबे पिंपासारखे गोल आहेत. जत्रेतील आकाशपाळणा कितीही फिरला तरी त्यातील बैठक जशी सरळ राहते, तसे हे डबे फिरून आपली जमीन सपाट राखितात. बर्फावरून फळ्यांवर घसरत येण्याचा खेळ खेळणाऱ्यांस पुन्हा वर नेण्याकरिता एर्न्स्ट कॉन्स्टाम यांनी १९३४ साली दावोस येथे फिरत्या दोरास दांडे टांगिले. खेळाडूने दांड्यास टेकून उभे राहावे आणि दोराने त्यास ओढून न्यावे, अशी ती सोपी युक्ती आहे. आमच्याकडे बर्फ नाही, पण गड आणि देवस्थाने आहेत. ज्या रायगडाच्या कड्यावरून हिरकणी आपल्या तान्ह्या बाळासाठी रात्री उतरली असे सांगतात, त्या गडावर १९९६ पासून दोरावरचा पाळणा जातो. नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगीच्या गडावर २०१८ पासून रुळांवरची दोरगाडी चालते. ज्या वृद्धांस व अपंगांस शेकडो पायऱ्या चढणे शक्य नव्हते, त्यांस आता देवीचे दर्शन घडते. यंत्राचा याहून चांगला उपयोग कोणता?

शेवटी आमच्या वऱ्हाडातील एका गाडीची गोष्ट सांगतो. अकोल्याहून अकोटमार्गे खांडव्यास जाणारी मीटर गेजची गाडी मेळघाटच्या रानात शिरल्यावर वान रोड आणि धूळघाट यांच्या दरम्यान डोंगरास असा वेढा घाली की, थोड्या वेळापूर्वी ज्या रुळांवरून आपण आलो, त्याच रुळांवरच्या पुलावरून ती पुढे जाई. दोराने गाठ मारताना जसे होते तसेच ते. वाट लांबविण्याच्या विद्येचा एवढा सुंदर धडा आमच्या इतक्या जवळ होता. २०१७ साली मार्ग रुंद करण्यासाठी ती गाडी बंद झाली. अकोटपर्यंत रुंद मार्ग झाला. पुढे मात्र प्रश्न उभा राहिला. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटची गणना होते. त्या रानातून मोठ्या आणि वेगाच्या गाड्या न्याव्या की नाही? रानातील कोरकू वस्त्यांस ती गाडी म्हणजे बाजाराचा आणि दवाखान्याचा रस्ता होता. वाघास आणि गव्यास ते रान म्हणजे घर होते. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून घेण्याजोगे होते. पुष्कळ वाद होऊन, नवा मार्ग व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरून न्यावा, असे ठरले. धूळघाटच्या वेढ्यावरून आता गाडी जात नाही.

आम्हांस ती गाडी गेल्याचे दुःख वाटते, आणि रान राखले गेल्याचा आनंदही वाटतो. या दोन भावना एकत्र नांदू शकतात, हे आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. डोंगर चढावा कसा, हे यंत्रविद्या शिकविते. कोणाच्या श्रमांवर चढावा, कोणाची वाट मोडून चढावा, आणि कोठे न चढता वळसा घालून जावे, हे मात्र माणसासच ठरवावे लागते. पुढील सुटीत मुंबईहून परतताना कसाऱ्यास गाडी थांबली, तर पालकांनी मुलांस खिडकीशी बसवावे. मुलांनी बोगदे मोजावे, आणि प्रत्येक बोगद्याच्या अंधारात, तो ज्यांनी फोडला त्या बिननावाच्या हातांची क्षणभर आठवण करावी.