सोलापुरी हवेत आमराची जोपासना

आंब्याच्या जुन्या झाडाच्या फांदीवर जाड, पन्हळीसारख्या पानांची व पांढुरक्या लोंबत्या मुळांची एखादी वनस्पती दिसली की ते बांडगूळ आहे असे समजून कोयत्याने खरवडून टाकण्याची रीत पुष्कळ गावांत आहे. बांडगूळ काढणे हे योग्यच होय. परंतु जी वनस्पती अशा रीतीने फेकली जाते ती कित्येकदा बांडगूळ नसून रास्ना नावाचे आमर, म्हणजे ऑर्किड, असते. झाडाचे ती काही घेत नाही. उलट, सोलापूरसारख्या कोरड्या व कडक उन्हाच्या भागात घरी वाढविण्यास तिच्याइतके सोशीक आमर क्वचितच मिळेल.

दोहोंतील फरक ओळखणे कठीण नाही. बांडगूळ हे फांद्या फुटणारे लाकडी झुडूप असते. त्याची मुळे झाडाच्या सालीतून आत घुसतात, जोडाच्या जागी गाठ येते, आणि त्या जागेच्या पुढची मूळ झाडाची फांदी हळूहळू रोडावते. त्याची फुले नळीसारखी असून चिकट बिया पक्षी एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. आमराची मुळे मात्र सालीच्या पृष्ठभागावर नुसती चिकटलेली असतात. बोटाने हलकेच उचलून पाहिल्यास खालची साल अखंड व धड दिसते. ही वनस्पती केवळ आधारासाठी झाडावर राहते. पाणी घेते ते पावसाचे व दवाचे, आणि अन्नद्रव्ये सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यातील व कुजलेल्या पाचोळ्यातील. अशा वनस्पतींस शास्त्रात अपिवनस्पती म्हणतात. नावाचा घोटाळा मात्र जुना आहे. संस्कृतातील ‘वन्दा’ हा शब्द झाडावर वाढणाऱ्या बांडगुळासारख्या वनस्पतींना लावीत असत, आणि तोच शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीस सर विल्यम जोन्स यांच्या लेखनातून वनस्पतिशास्त्रात जाऊन रास्नेच्या प्रजातीचे ‘व्हँडा’ हे नाव झाले. तेव्हा शेतकऱ्याने चूक केली तर त्यात नवल नाही.

खरवडून काढलेले रोप सहजासहजी भरून निघत नाही. आमराच्या एका शेंगेत हजारो, कित्येक जातींत तर लाखो बिया असतात, परंतु त्या धुळीसारख्या बारीक असून त्यांच्यात अन्नाचा साठा नसतो. विशिष्ट बुरशीची जोड मिळाली तरच बी रुजते. ही गोष्ट नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये उजेडात आणली. अमेरिकेतील लुईस नडसन याने १९२२ मध्ये साखरयुक्त माध्यमावर बुरशीवाचून बी रुजवून दाखविले आणि तेव्हापासून प्रयोगशाळेत आमरांची रोपे करणे शक्य झाले. रानात मात्र बी पडल्यापासून फूल दिसेपर्यंत कित्येक वर्षे लोटतात. म्हणूनच सह्याद्रीतील जंगलातून ओरबाडून आणून बाजारात विकावयास ठेवलेली आमरे विकत घेऊ नयेत. राखीव वनातून विनापरवाना वनस्पती काढणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि आमर कुलातील सर्वच जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराने नियंत्रित केलेला आहे. रोपवाटिकेतील रोप घ्यावे, अथवा स्वतःच्या बांधावरील झाड तोडावे लागत असेल तर त्यावरचे रोप वाचवावे.

कोणती जात निवडावी

महाराष्ट्रातील आमरांची ओळख करून देणारा फादर सांतापाव व कापडिया यांचा ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील पुष्कळ जाती महाबळेश्वर, आंबोली अशा धुक्याच्या व मुसळधार पावसाच्या ठिकाणच्या आहेत. त्या सोलापुरात आणून ठेवणे म्हणजे त्यांना उपाशी ठेवणेच होय. रास्ना मात्र पठारावरील पानगळीच्या जंगलांतही वाढते. तिची फुले पिवळट हिरवी, त्यावर तपकिरी जाळी, व ओठासारखी पाकळी जांभळट असते. ती सुवासिक असून उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या तोंडाला येतात. सीतेची वेणी हे दुसरे देखणे आमर होय. तिचा गुलाबी ठिपक्यांचा लांब लोंबता तुरा आसामात बिहूच्या सणात स्त्रिया केसांत माळतात व तेथे ते राज्यपुष्प आहे. तिला रास्नेपेक्षा अधिक ओलावा लागतो, तरी सावली व पाणी मिळाल्यास ती येथे टिकू शकते.

रोपवाटिकांत सर्वांत आकर्षक दिसतात ती फॅलेनॉप्सिसची फुललेली रोपे. त्यांवर पैसे खर्च करणाऱ्या कुटुंबाची बहुधा पहिल्याच वैशाखात निराशा होते. ती घरात, पूर्वेच्या खिडकीशी, उन्हाच्या झळांपासून दूर ठेवल्यासच जगतात. आणि ज्या प्लॅस्टिकच्या पेल्यात शेवाळ गच्च भरून ती येतात ते शेवाळ आतून सडत असल्यास फुले गळताच बदलावे लागते. डेंड्रोबियमच्या संकरित जाती त्या मानाने अधिक ऊन सोसतात. पहिल्यांदाच आमर लावणाराने रास्नेपासून सुरुवात केलेली बरी.

बांधणी

आमर मातीत लावू नये. ही चूक सर्वांत अधिक घडते व सर्वांत अधिक रोपे तिनेच मरतात. त्याच्या मुळांवर स्पंजासारखे पांढरे आवरण असते. ते पाणी चटकन शोषते व तितक्याच चटकन वाळू इच्छिते. मातीत किंवा शेणखतात ते सतत ओले राहून मुळे काळी व मऊ पडतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये उष्ण देशांतील आमरे कोंदट, अतितप्त काचघरांत ठेवीत, आणि ती मोठ्या संख्येने मरत. चॅट्सवर्थच्या बागेत जोसेफ पॅक्स्टन याने त्यांना खेळती हवा देण्यास प्रारंभ केला तेव्हा ती जगू लागली. सोलापुरात हवेचा तोटा नाही. तोटा आहे तो ओलाव्याचा.

रोप आंब्याच्या अथवा सागाच्या सालीसकट लाकडाच्या तुकड्यावर बांधावे. मुळांखाली नारळाच्या सोडणाचे थोडे तुसे ठेवावेत. बांधण्यास सुती चिंधी उत्तम. सोलापुरात मागावरच्या चादरींच्या कापलेल्या काठांना तोटा नाही. तार वापरू नये, ती उन्हात तापते व खोड कापते. टोपली वापरावयाची झाल्यास लाकडी पट्ट्यांची घ्यावी व तीत कोळशाचे आणि विटांचे सुपारीएवढे तुकडे भरावेत. बांधणीस जूनचा आरंभ चांगला. मुळांची टोके हिरवी, वाढती दिसत असतील तेव्हाच रोप हलवावे.

जागा व पाणी

रास्नेला सकाळचे नऊ-साडेनऊपर्यंतचे कोवळे ऊन व नंतर गाळीव उजेड हवा असतो. दारचा कडुनिंब या कामी फार उपयोगी पडतो, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची पाने झडली तरी कडक उन्हाच्या आत त्याला नवी पालवी फुटते. झाड नसेल तर घराच्या पूर्व अंगाला हिरवी जाळी बांधावी. पत्र्याखाली रोप कधीही टांगू नये. दुपारी तेथील हवा बाहेरच्या हवेहून तप्त असते. पाने फार गडद हिरवी राहिली तर उजेड कमी पडतो व फूल येत नाही, तांबूस झाली तर उजेड जास्त, आणि त्यांवर पांढरे होऊन पुढे काळे पडणारे डाग आले तर ती भाजली, असे समजावे.

एप्रिल-मे महिन्यांत येथील उष्णमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि दुपारची हवा अगदी कोरडी असते. या दिवसांत पहाटे रोप बादलीत दहा-पंधरा मिनिटे बुडवावे. मुळे पांढरी होती ती हिरवी झाली की पाणी पुरले. संध्याकाळी सूर्य मावळण्यापूर्वी हलका फवारा द्यावा. भर दुपारी पाणी देऊ नये, व पानांच्या गाभ्यात रात्रभर पाणी साचू देऊ नये. रास्नेसारख्या वनस्पती पानांची रंध्रे दिवसा मिटून रात्री उघडतात व पाणी वाचवितात. त्यामुळे दिवसा झळा सोसणाऱ्या रोपास रात्र गार व किंचित दमट मिळाली तर ते सावरते. पाण्याच्या रांजणाजवळ, किंवा ओल्या वाळूच्या परातीवर हातभर उंचीने रोप टांगले तर हा लाभ फुकट मिळतो. वाऱ्याच्या बाजूला भिजविलेले गोणपाट लावण्याची युक्तीही चांगली.

पुढची चूक पावसाळ्यात होते. आभाळ भरून आले की पाणी देणे बंद केले जाते. परंतु हा जिल्हा पर्जन्यछायेतील असून जुलै-ऑगस्टमध्ये नुसते ढग व जोराचा पश्चिमेचा वारा असे कित्येक दिवस जातात, आणि वारा मुळांना उन्हाइतकेच सुकवितो. नवी मुळे धरण्याचा काळ तोच असल्याने ढग पाहून नव्हे, मुळांचा रंग पाहून पाणी द्यावे. खरा पाऊस बहुधा सप्टेंबरात येतो. तेव्हा गाभा सडण्याकडे लक्ष ठेवावे. डिसेंबर-जानेवारीत एक-दोन दिवसांआड सकाळी दिलेले पाणी पुरते.

विहिरीचे अथवा विंधन विहिरीचे पाणी बहुधा क्षारयुक्त असते. त्याने मुळांवर व लाकडावर पांढरा थर बसतो. गच्चीवरचे पावसाचे पाणी एका टाकीत झाकून साठविले तर दोन-चार रोपांस ते पुष्कळ दिवस पुरते. ते नसल्यास आठवड्यातून एकदा तरी चांगल्या पाण्याने मुळे धुवावीत.

खत फार थोडे लागते. डाळिंबास ठिबकातून देण्यात येणारे १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात, जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्यास, मुळे आधी ओली करून फवारावे. डाळिंबाच्या बागेतील फवारणी पंप मात्र वापरू नये. त्यात तणनाशकाचा अंश राहिलेला असू शकतो, आणि ताम्रयुक्त औषधे कित्येक आमरांना, विशेषतः डेंड्रोबियमला, सोसत नाहीत. पिठ्या ढेकूण व खवले कीड साबणाच्या सौम्य पाण्यात भिजविलेल्या कापसाने पुसून काढावी. गोगलगाई रात्री मुळांची कोवळी टोके खातात. त्या कंदिलाच्या अथवा विजेरीच्या उजेडात वेचणे हाच उपाय.

रस्तारुंदीकरणात किंवा बांध सरळ करताना जुना आंबा पडणार असे समजले की गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी झाड पडण्यापूर्वी वर नजर टाकावी. खाजगी झाड असेल तर मालकास सांगून, इतर ठिकाणी संबंधित खात्याची परवानगी घेऊन, रोप ओढून न काढता खालच्या सालीसह पटाशीने सोडवावे. वाळलेली मुळे छाटून ते दोन दिवस सावलीत ठेवावे व मग शाळेच्या किंवा चावडीच्या आवारातील खरबरीत सालीच्या झाडास, खोडाच्या पूर्व बाजूस, डोक्याएवढ्या उंचीवर बांधावे. पहिले दोन उन्हाळे त्यास रोज पाणी घालावे लागेल. मुळांनी साल घट्ट धरली म्हणजे चिंधी कापून टाकावी.