शिवारातल्या पाखरांचे वेगळे वागणे



उन्हाळ्यात एक सभासद गट ऑफिसात येऊन आम्हाला म्हणाले, "साहेब, टिटवी पाटाच्या पाण्यात पोट बुडवून उभी राहते अन् पळत रानात जाते. दुपारभर तेच. येडी झाली का काय?" टिटवी शहाणीच होती. तिची अंडी उघड्या ढेकळांत असतात. कडक उन्हात ती पोटाची पिसे भिजवून आणते आणि त्या ओलाव्याने अंडी गार राखते.

कावळ्याचेही तसेच. पक्ष्यांना घाम येत नाही, म्हणून भर दुपारी तो चोच उघडी टाकून धापा टाकतो. कधी मुंग्यांमध्ये पंख पसरून लोळतो. एखादा कावळा मेला की सगळे जमून कालवा करतात. यात अपशकुन काही नाही. पण गार हवेत, सकाळच्या पारी, माणूस जवळ गेला तरी कावळा उडत नाही, झोकांड्या खातो, मान वाकडी करतो किंवा झाडाखाली दोन-चार मरून पडलेले दिसतात, तेव्हा मात्र गंमत म्हणून सोडून देऊ नये.

जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातील मुगगावला कावळे मेले. त्याच सुमारास शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या दगावल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बीडचे कावळे व परभणीच्या कोंबड्या, दोन्हींत बर्ड फ्लू निघाला. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरातही कावळेच आधी पडले. विषारी औषध लावलेले बियाणे खाऊनही पाखरे मरतात. नुसते बघून फरक सांगणे आम्हालाही जमणार नाही, ते काम प्रयोगशाळेचे.

दोन्ही वेळा महिना जानेवारीचा, म्हणजे ऐन गाळपाचा, हे ध्यानात घ्यावे. तेव्हा फडाच्या कडेला कोप्या पडलेल्या असतात आणि तोडणीवाल्यांच्या कोंबड्या तिथेच मोकळ्या फिरतात. हा रोग आजारी पाखराच्या विष्ठेतून आणि लाळेतून पसरतो. कावळा ज्या डबक्यात चोच घालतो, तिथेच कोंबडी पाणी पिते.

म्हणून मेलेल्या पाखराला उघड्या हाताने शिवू नये. पोरांना व कुत्र्यांना लांब ठेवावे, कोंबड्या कोंडून घ्याव्यात, त्यांचे पाणी झाकावे आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे. आपणच पुरून टाकले तर तपासायला काही उरत नाही. पूर्ण शिजवलेल्या अंडी-कोंबडीला भिऊ नये. पण आपोआप मेलेली कोंबडी "वाया कशाला घालवा" म्हणून सोलायला घेऊ नये. कोपीवर असे घडते, आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

तोडणी चालू असेतो हा मजकूर मुकादमांनाही वाचून दाखवावा.