कूलरला हात लावण्याआधी

बाळा, होळी झाली की निमगावात घरोघरी कूलर माळ्यावरून खाली येतात. आपला यंदा तू जोडणार म्हणतोस, तर जळक्या मोटारी भरण्यात जन्म गेलेल्या आजोबाचं ऐकून घे.

पाणी भरायचं असो की जाळी पुसायची, आधी प्लग बोर्डातून उपसून बाजूला ठेवायचा. बटण बंद केल्यानं भागत नाही. जुन्या घरांत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले मी खूप पाहिलेत. तिथं बटण न्यूट्रल तोडतं. पंखा थांबतो, पण आतल्या वायरीत २३० व्होल्ट तसेच उभे असतात. पंखा थांबलाय म्हणून माणूस निर्धास्तपणे पत्र्याला हात लावतो आणि जीव गमावतो.

कूलरचा प्लग तीन पिनांचाच हवा, आणि त्या जाड पिनेपासून जमिनीपर्यंत वाट हवी. परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरलंय. उन्हाळाभर आठवड्याला त्यात बादलीभर पाणी ओतत जा. चैत्र-वैशाखात माती कोरडी ठाक पडते आणि कोरडी माती वीज पोटात घेत नाही. म्हणजे कूलर दिवसरात्र चालतो, नेमकी तेव्हाच अर्थिंग लंगडी. काही जण अर्थिंगची तार नळाला बांधतात. लोखंडी पाइप होते तोवर निभावलं. आता पीव्हीसी आलं, ती तार कुठंच पोचत नाही.

बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घे. एमसीबी आहे म्हणून गप्प बसू नकोस, तो वायरींना जळण्यापासून वाचवतो. माणसाचा जीव घ्यायला एका अँपिअरच्या दहाव्या भागाएवढा करंटही पुरतो, आणि तेवढ्यानं १६ अँपिअरचा एमसीबी जागचा हलत नाही. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्याला दाबायचं. खटका पडला पाहिजे. नाही पडला तर त्याच दिवशी बदल.

आपलं बोअरचं पाणी क्षाराचं. ओल्या ताटीतून वारा गेला की पाणी उडून जातं, क्षार मागं उरतो. वरून भर घालत राहिलास तर टाकीतलं पाणी दिवसेंदिवस खारट होतं, ताटीवर पांढरा थर चढतो, पंपाचं तोंड चोंदतं. अशा पाण्यातून वीजही सहज वाहते. म्हणून आठवड्याला टाकी पार रिकामी करायची आणि कडा काथ्यानं घासायच्या. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटलेली असतात, पाणी ओतून दिल्यानं ती जात नाहीत. उपसलेलं पाणी पानमळ्यात मात्र सोडू नकोस, नागवेलीला क्षार सोसत नाही.

पंपाच्या वायरीला पाण्याखाली जोड नको. टेप कितीही गुंडाळ, पाणी आत शिरतंच. बोर्डाकडे जाणारी वायर आधी खाली झोळ देऊन मग वर न्यायची. ओघळलेला थेंब झोळाच्या तळाशी टपकतो, बोर्डात जात नाही.

पंखा गुणगुणतोय पण फिरत नाही, असं झालं तर काडीनं ढकलून चालू करायचा नाही. बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो, नाहीतर बुश आवळलेला. तसाच ठेवला की वायंडिंग जळते. बुशला मशीनचं तेल दोन थेंब सोड. खोबरेल नको, ते धूळ धरून चिकट होतं.

माशांच्या काचटाकीवर तू लावलेला छोटा पंखा कूलरचंच काम करतो, पाणी उडवून पाणी गार करतो. आपल्या कोरड्या हवेत हे छान जमतं, मुंबईच्या दमट हवेत तितकं नाही. समुद्राच्या पाण्याची टाकी घरात ठेवणारे हौशी लोकही असा पंखा लावतात. उडालेल्या पाण्याच्या जागी ते बिनमिठाचं पाणी घालतात, कारण मीठ टाकीतच राहिलेलं असतं. तुझा पंखा १२ व्होल्टचा आहे, हे बरं केलंस. पण त्याचा अडॅप्टर २३० वरच चालतो. तो टाकीच्या डोक्यावर नको, बाजूच्या भिंतीवर उंच लाव. पंखा चिमट्याच्या भरवशावर सोडू नकोस, वर दोरीनंही बांध. आणि टाकीत हात घालण्याआधी पंखा, पंप, दिवा, सगळ्यांचे प्लग बाहेर. मोटार पाण्यात गळत असेल तर मासे निवांत पोहताना दिसतील, झटका तुला बसेल.

कुणी विजेला चिकटलेलं दिसलं तर धावत जाऊन धरायचं नाही. मेन स्विच पाड. तो लांब असेल तर कोरड्या जागेवर उभा राहून कोरड्या लाकडी काठीनं त्याला सोडव. हे घरातल्या बायकापोरांनाही सांगून ठेव.

तुकोबांची पालखी निमगावचा मुक्काम उरकून इंदापूरकडे निघाली की कूलर आवरायचा. टाकी कोरडी कर, ताट्या उन्हात वाळव. पंप काढून घरात कपाटात ठेव, माळ्यावर उंदीर वायरी कुरतडतात. पुढच्या होळीला प्लग लावण्याआधी सगळी वायर बोटांतून फिरवून बघ, आणि कुठं सोललेली लागली तर ती अख्खी बदल.