पपईचे बियाणे निवडताना : द्विभक्तलिंगी की उभयलिंगी?



गेवराई तालुक्यातील तलवाडा भागात कापूस किंवा उसाच्या जोडीला ठिबकवर एखादा एकर पपई लावायची झाली, तर पहिला प्रश्न येतो तो बियाण्याचा. करटोलीप्रमाणे पपईतही नर आणि मादी झाडे वेगळी असतात. नर झाड फळ देत नाही, आणि ते नर आहे हे फुले आल्याशिवाय, म्हणजे लागवडीनंतर चार-पाच महिने, समजत नाही. एवढे दिवस दिलेले पाणी, खत आणि मजुरी त्या झाडापुरती वाया जाते. म्हणूनच "नर निघतच नाही" अशा महाग बियाण्याकडे आपला ओढा असतो. तो ओढा कितपत योग्य, याचा विचार या लेखात करू.

बियाण्याचे दोन प्रकार

द्विभक्तलिंगी वाणात नर झाडे वेगळी आणि मादी झाडे वेगळी असतात. वॉशिंग्टन, को-२, को-५ आणि पुसा ड्वार्फ हे वाण या गटात येतात. त्यांच्या बियांतून साधारण निम्मी झाडे नर आणि निम्मी मादी निघतात.

उभयलिंगी गटात मादी आणि उभयलिंगी अशी दोन प्रकारची झाडे येतात, नर येत नाही. कूर्ग हनी ड्यू, पुसा डेलिशियस, को-७ आणि तैवान ७८६ हे वाण या गटातील आहेत. यांपैकी तैवान ७८६ हा संकरित वाण आहे.

फुलावरून झाड ओळखा

नर : पानांच्या बेचक्यातून लांब, लोंबणारे, फांद्या फुटलेले तुरे निघतात. फुले लहान व नळीसारखी असतात.

मादी : फुले खोडालगत, आखूड देठावर, एकेकटी किंवा दोन-तीन येतात. तळाशी बीजकोश फुगीर असतो व पाकळ्या तळापर्यंत सुट्या असतात. फळ गोल किंवा अंडाकृती, आतील पोकळी मोठी.

उभयलिंगी : फूल लांबट, पाकळ्या खालच्या भागात जुळलेल्या, बीजकोशाभोवती पुंकेसर. फळ लांबट, पोकळी लहान, गर जाड. असे फळ पेटीत नीट बसते, म्हणून दूरच्या बाजारासाठी ते सोयीचे असते.

बुडणारी बी मादीची, तरंगणारी नराची. सरळ मुळाचे रोप नराचे, असे समज ऐकायला मिळतात. त्यांवर विसंबून रोपे उपटू नयेत. बी किंवा रोप नुसत्या डोळ्यांनी पाहून लिंग ओळखता येत नाही.

एका एकराचा हिशोब

६ × ६ फुटांवर एकरी १,२१० खड्डे बसतात. द्विभक्तलिंगी वाणाचे खड्ड्यात एकच रोप लावले तर निम्मे, म्हणजे सुमारे ६०५ खड्डे नर झाडांनी अडतील. दोन रोपे लावली तर दोन्ही नर निघण्याचा संभव चारात एक, म्हणजे सुमारे ३०० खड्डे वाया. तीन रोपे लावली तर तिन्ही नर निघण्याचा संभव आठात एक, म्हणजे सुमारे १५० खड्डे. परागीकरणासाठी बागेत साधारण १० टक्के नर झाडे ठेवावीच लागतात. ती सुमारे १२० होतात. म्हणून तीन रोपांची पद्धत हिशोबात जवळपास चपखल बसते. बी वाचवण्यासाठी रोपे कमी लावणे येथे महाग पडते.

ही तीन रोपे एकमेकांपासून वीतभर अंतरावर लावावीत. फुले दिसताच एक जोमदार मादी ठेवून बाकीची जमिनीलगत कापावीत. उपटल्यास शेजारच्या झाडाची मुळे दुखावतात. नर झाडे एका कोपऱ्यात न राहता बागेत विखुरलेली राहतील असे पाहावे.

उभयलिंगी वाणात खड्ड्याला एकच रोप पुरते. म्हणजे ३,६३० ऐवजी १,२१० रोपे, अधिक मरीसाठी थोडी. पपईच्या एका ग्रॅममध्ये साधारण ६० बिया असतात. त्यामुळे बी महाग असले तरी लागते थोडे. विहिरीचे पाणी मोजके असेल तर हा फरक मोठा आहे.

उन्हाळा विसरू नका

नर निघत नाही याचा अर्थ प्रत्येक झाड बारमाही सारखे फळ देईल असा नाही. कडक उन्हात उभयलिंगी झाडाच्या फुलातील बीजकोश खुरटतो आणि फूल नुसते नरासारखे राहते. ते गळते आणि खोडावर तेवढ्या भागात फळे दिसत नाहीत. थंडीत याउलट फुलाचे पुंकेसर बीजकोशाला चिकटून वेडीवाकडी फळे येतात. मादी झाडावर हवामानाचा असा परिणाम होत नाही.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशी ओलांडतो. त्या वेळी फुले गळताना पाहून "बियाणे फसवे निघाले, झाड नर आहे" असे समजून उभयलिंगी झाड तोडू नये. तुरा लांब व लोंबता आहे की आखूड देठाचा, हे आधी पाहावे. उष्णता ओसरल्यावर असे झाड पुन्हा फळ धरू लागते.

लागवडीची वेळही यावरून ठरवावी. नोव्हेंबर-डिसेंबरात लावलेल्या झाडांचा पहिला बहर ऐन उन्हात सापडतो. उन्हाळ्यात पाण्याची खात्री असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत लावावे, म्हणजे पहिली फुले पावसाळ्यात येतील. खात्री नसेल तर जून-जुलै बरा; खालची फळे उन्हाळ्याआधीच धरलेली असतात.

घरचे बी

संकरित वाणाच्या फळातील बी पुन्हा लावू नये. पुढच्या पिढीत झाडे व फळे सारखी राहत नाहीत. बाजारातून आणलेल्या फळाचे बीही धरू नये. वॉशिंग्टनसारख्या वाणाचे बी मात्र घरी करता येते. मादी फूल उमलण्याच्या आदल्या दिवशी कागदी पिशवीने झाकावे, उमलल्यावर सकाळी त्याच वाणाच्या नर फुलाचे पराग लावावेत आणि फळ धरेपर्यंत पुन्हा झाकावे. उघड्यावर धरलेल्या फळात शेजारच्या बागेतील पराग आलेला असू शकतो.

निर्णय कसा घ्यावा

फळ पेटीत भरून लांब पाठवायचे असेल, पाणी बेताचे असेल आणि बियाण्याला पैसा घालण्याची तयारी असेल तर उभयलिंगी वाण घ्यावा. पपेनसाठी चीक काढायचा असेल तर को-२ किंवा को-५, आणि जवळच विक्री व घरचे बी हवे असेल तर वॉशिंग्टन घ्यावा. मग खड्ड्याला तीन रोपे लावण्यात कसूर करू नये. रिंगस्पॉट विषाणू रोगाचा या निवडीशी संबंध नाही. तो मावा किडीमार्फत पसरतो, तेव्हा दोन्ही प्रकारांत रोपवाटिकेपासून माव्याचा बंदोबस्त करावा.

पावती आणि लॉट क्रमांक असलेले पाकीट फळे येईपर्यंत जपून ठेवावे. उभयलिंगी म्हणून घेतलेल्या बियाण्यात लोंबत्या तुऱ्यांची झाडे निघाली, तर ती तोडण्यापूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करून पाहणी करून घ्यावी. झाडे तोडल्यावर पुरावा उरत नाही.