लेन्सला पाणी दाखवू नकोस

गोव्याची हाफ आयर्नमॅन करायची म्हणतोस, ऐकून फार बरं वाटलं. मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, मग ९० किलोमीटर सायकल, त्यावर २१.१ किलोमीटर धावणं. पायांचं आणि दमाचं तुझे कोच बघतील. डोळ्यांचं मात्र आत्याकडून ऐकून घे. कर्जतच्या बाजारात चष्म्याच्या दुकानात माझं आयुष्य गेलं आणि लेन्स घालून पोहणाऱ्या पोरांचे डोळे मी फार जवळून पाहिलेत.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. लेन्स आणि पाणी यांची गाठ पडू द्यायची नाही. नळाचं, बोअरचं, तलावाचं, समुद्राचं, कुठलंच पाणी चालत नाही. पाण्यात आणि मातीत अ‍ॅकँथामीबा नावाचा एक सूक्ष्म जीव असतो. उघड्या डोळ्याला तो सहसा काही करत नाही. पण मऊ लेन्स पाणी शोषते, जीवाला धरून ठेवते आणि तासन् तास बुबुळाला लावून बसते. त्यात बुबुळावर बारीकसा ओरखडा असला की त्याला वाटच मिळते. पोहण्याच्या टँकमध्ये क्लोरीन आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. हा जीव स्वतःभोवती कवच करतो आणि त्या अवस्थेत टँकमधल्या क्लोरीनला दाद देत नाही.

आपल्याकडे आणखी एक फसगत होते. पेज नदीला भर मे महिन्यातही पाणी असतं, कारण भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून ते सुटतं. ते वीजघर १९२२चं. खोपोलीचं त्याच्याही आधीचं, १९१५चं, आणि तिथलं पाणी पाताळगंगा नदीला मिळतं. घाटमाथ्यावरच्या तलावांचं हे पाणी गार असतं, नितळ दिसतं. मुंबईहून आलेली मुलं लेन्ससकट त्यात उतरतात आणि म्हणतात, किती स्वच्छ आहे! नितळ पाण्यातही अमीबा असतो, आणि तो डोळ्याला दिसत नाही. मोरब्याच्या धरणाकडे तर पोहायला म्हणून बघूसुद्धा नकोस, ते नवी मुंबईचं पिण्याचं पाणी आहे. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर बंदीचे आदेश निघतात, तेही पाळायचे. सराव टँकमध्येच कर.

खोपोलीकडचा एक मुलगा रविवारी नदीत पोहून आला आणि लेन्स तशीच ठेवून झोपला. पुढच्या आठवड्यात माझ्यासमोर बसला तेव्हा त्याला दुकानातली ट्यूबलाइट सोसवत नव्हती. डोळा लाल, पाण्याची धार लागलेली, आणि दुखणं इतकं की हनुवटी यंत्रावर टेकवून धरता येईना. आधी नागिणीच्या जातीचा संसर्ग समजून औषधं झाली होती. या आजारात तशी गल्लत पुष्कळदा होते. खरं निदान झाल्यावर सुरुवातीला रात्रंदिवस दर तासाला थेंब, आणि पुढे कित्येक महिने उपचार. डोळा वाचला, पण बुबुळावर फूल पडलं ते पडलंच. तुझ्या वयाचाच होता रे तो.

म्हणून पोहण्यासाठी नंबरचा गॉगल घे. तयार गॉगल बहुधा अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्याने मिळतात. त्यात सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर, नसतो, म्हणून सिलिंडरचा अर्धा भाग मुख्य नंबरात मिळवायचा. उणे ३ आणि सिलिंडर उणे १ असेल तर उणे साडेतीनचा गॉगल. दुकानात चष्म्याचा नंबर सांग, लेन्सचा सांगू नकोस. चारच्या पुढे दोन्हींत फरक पडतो, लेन्सचा कमी भरतो. दोन्ही डोळ्यांच्या नंबरांत बराच फरक असेल तर काचा वेगवेगळ्या मिळतात असा गॉगल शोध. पाव-अर्धा नंबर कमी पडला तरी बिघडत नाही. समुद्रात तुला वर्तमानपत्र वाचायचं नाही, पुढचा बोया दिसला म्हणजे झालं.

सिलिंडर फारच मोठा असेल आणि नंबरच्या गॉगलने बोया दिसतच नसेल, तर डॉक्टरांना विचारून एकदाच वापरायच्या, रोज टाकून द्यायच्या लेन्स, आणि वर घट्ट बसणारा गॉगल. ही पळवाट आहे, सवय करू नकोस. पाण्यातून आल्यावर लेन्स ओढून काढायची नाही. गोड्या पाण्याने ती बुबुळाला घट्ट चिकटते आणि ओढली की वरची नाजूक कातडी सोलते. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब घाल, थोडं थांब, पापणी मिटून उघडताना लेन्स सरकते आहे असं वाटलं की मगच काढ. आणि काढलेली लेन्स फेकून दे. धुऊन पुन्हा घालायची नाही, कितीही महाग असली तरी.

सायकलवर आणि धावताना लेन्सबद्दल माझी तक्रार नाही, कोरड्या दिवशी तर नाहीच. चष्मा घामाने नाकावरून घसरतो, कडेचं दिसत नाही, हे मलाही कळतं. पण लेन्सवर कानशिलापर्यंत येणारा सायकलचा गॉगल हवाच. शिंग्रोबाचा घाट चढून खोपोलीकडे उतरताना वारा डोळ्यात शिरला की लेन्स वाळून कागदासारखी होते, आणि वळणावर समोरून ट्रक येत असताना डोळे चोळायला हात सुटत नाही. कडाव-कशेळ्याच्या रस्त्याला धोका वेगळा. भाताच्या झोडणीच्या दिवसांत हवेत कूस उडतं, उन्हाळ्यात राब भाजले की धूर. भाताचं कूस किंवा पात डोळ्याला लागून होणारी बुरशीची जखम शेतकऱ्यांना होते तशी सायकलवाल्यालाही होऊ शकते. लेन्सखाली काही खुपलं तर डोळा चोळू नकोस. बाजूला थांब, हात साबणाने धू, स्वच्छ रुमालाने कोरडे कर आणि लेन्स काढ. म्हणून जर्सीच्या खिशात चष्मा असू दे, लांबच्या राइडला तर न चुकता.

जून ते सप्टेंबर मात्र सरळ चष्मा. आपल्या पावसात पुढच्या चाकाचं पाणी तोंडावर उडतं, त्यात रस्त्यावरची सगळी घाण. हेल्मेटखाली पुढे छज्जा असलेली टोपी घाल, काचेवर थेंब कमी पडतात.

लेन्सच्या साफसफाईचं थोडक्यात सांगते. सोल्यूशन रोज नवं. कालच्यात आजचं ओतायचं नाही. २००६ साली एका सोल्यूशनमुळे वेगवेगळ्या देशांत बुरशीचे संसर्ग झाले आणि ते जगभरातून मागे घ्यावं लागलं. उरलेल्या सोल्यूशनवरच नवं ओतणाऱ्यांना त्यात जास्त धोका होता. ‘चोळायची गरज नाही’ असं बाटलीवर लिहिलेलं असलं तरी लेन्स तळहातावर ठेवून बोटाने चोळ. डबी सोल्यूशननेच धू, उघडी, पालथी वाळव आणि तीन महिन्यांनी बदल. डबी बाथरूममध्ये ठेवू नकोस. आपल्या पावसाळ्यात तिथे भिंतीलासुद्धा बुरशी येते.

डोळा लाल झाला, उजेड सोसेना, किंवा डोळा दिसतो त्या मानाने फार जास्त दुखायला लागला तर त्याच क्षणी लेन्स काढायची आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. मेडिकलवाल्याकडून स्वतःहून थेंब घेऊ नकोस. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली उतरते आणि आतला जंतू फोफावतो. कर्जत-खालापुराहून पनवेल जवळ आहे, तिथे लक्ष्मी आय इन्स्टिट्यूटसारखी डोळ्यांची रुग्णालयं आहेत. जाताना काढलेली लेन्स आणि डबी सोबत ने, तपासणीत त्यावरूनही जंतू सापडतो. दुसऱ्या दिवशी राइड आहे, शर्यतीला पंधराच दिवस राहिलेत, असली सबब मला ऐकायची नाही.

शर्यतीच्या दिवसाचं असं कर. नंबरचा गॉगल घालून पोह. सायकलपाशी हेल्मेट उलटं ठेव, त्यात नंबरचा सायकलचा चष्मा, दांड्या उघडलेल्या. ओल्या, खारट, वाळू लागलेल्या हातांनी तिथे लेन्स घालायच्या भरीला पडू नकोस. त्या चष्म्यावर निदान महिनाभर सराव झालेला असावा, म्हणजे उतारावर अंतराचा अंदाज चुकणार नाही. सनस्क्रीन कपाळाला, भुवयांना लावू नकोस. धावताना घामाबरोबर ते डोळ्यात उतरतं आणि भयंकर झोंबतं. तिथे टोपीच घाल.

आणि निघण्याआधी चष्म्याच्या नंबराच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन ठेव. जुना चष्माही बॅगेत टाक. मिरामारला काही तुटलं-फुटलं तर पणजीतल्या चष्मेवाल्याला नंबर दाखवता येईल. आणि तोही गोंधळला तर मला फोन कर, पहाटे असला तरी.