सीझनच्या तोंडावर विंडोज बदलू नका
विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ११ टाकायचंच आहे, पण नवरात्राच्या तोंडावर नको. समजा, तुळजापुरात तुमचं फ्लेक्सचं दुकान आहे, ऑर्डरी साठल्यात आणि अपग्रेडनंतर स्क्रीन फताडी दिसतेय. गिऱ्हाईक थांबत नाही, शेजारच्या दुकानात जातं.

घाईनं नवीन ग्राफिक्स कार्ड घेऊ नका. आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ उघडा. तिथं ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसलं, तर कार्डाचा ड्रायव्हर बसलेला नाही. तो कार्डाच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. तिथं ११चा ड्रायव्हर नसेल, तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत जाऊन ‘गो बॅक’ करा. ही सोय साधारण १० दिवसच असते.

म्हणून ड्रायव्हर आधी शोधा, डिझाइनच्या फायली पेनड्राइव्हवर घ्या आणि अपग्रेड मंदीच्या दिवसांत करा.